मुळे मॅडम आणि त्यांची डाळिंबी गाडी

मुळे मॅडमच्या शोकसभेत त्यांचा मुलगा अभिजित माइक हातात घेऊन म्हणाला, "आईला गाडीचं फार वेड होतं. आम्ही घरातले सगळे तिला हसायचो." सभागृहातले लोकही हसले. माझं डोकं असं फिरलं, की पुढच्या वक्त्याचं नाव पुकारायच्या आत मी उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. घरी पोचेपर्यंत राग उतरला नाही. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

वेड म्हणे. डॉ. नलिनी मुळे भूलतज्ज्ञ होत्या. मोठ्या शहरात राहणाऱ्यांना वाटतं, भूल देणारा डॉक्टर एका इस्पितळात नोकरीला असतो, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. आमच्याकडे तसं नसतं. तालुक्याच्या गावात माझ्यासारखी एखादी बाई बाळंतपणाचं छोटं इस्पितळ चालवते. तिला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही आणि मिळतही नाही. पोट उघडून मूल काढायची वेळ आली की शहरात फोन जातो, आणि भूल देणारा माणूस आपली बॅग गाडीत टाकून निघतो. तो येईपर्यंत इकडे पेशंट कळांनी तळमळत, नातेवाईक दारात आणि मी हात धुऊन तयार. आज कन्नड, उद्या पाचोड, परवा आणखी कुठं. मुळे मॅडम वीसेक वर्षं माझ्या कन्नडच्या इस्पितळात अशा येत होत्या. सुताराला करवतीचं वेड आहे असं कुणी म्हणतं का?

बाई दिसायला किरकोळ. कॉटनची साडी, पदर खोचलेला, केसांचा घट्ट अंबाडा आणि चेहऱ्यावर कायम, आता कुणाला झापू, असा भाव. थिएटरमध्ये आल्या की आधी ऑक्सिजनचा सिलिंडर स्वतः तपासायच्या, मग घशातलं पाणी ओढणारं सक्शन, मग मला. "जेवलीस का? नाही? मग हात थरथरतील तुझे. दोन बिस्किटं खा आणि ये." पेशंटला मात्र अतिशय हळू आवाजात विचारायच्या, "घाबरलीस का गं? मी इथंच आहे, तुझ्या उशाशी. कुठं जाणार नाही." आणि त्या खरोखर जात नसत. टाके पडून पेशंट नीट बोलू लागेपर्यंत त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही.

गाडी त्यांना कशी मिळाली ती हकीकत त्यांनी मला अनेकदा सांगितली होती. औरंगाबादच्या शहागंजातल्या एका कापडवाल्याच्या मुलानं ती हौसेनं नवी घेतली होती. चार दारांची, बुटकी, डाळिंबी रंगाची, दिसायला साधी सेडान. पण आतलं इंजिन शर्यतीच्या जातीचं. मुलाला ती झेपली नाही. दोनदा दुभाजकावर चढवल्यावर बापानं ती रऊफभाईंच्या गॅरेजात विकायला लावली. मॅडमची तेव्हाची डबडा गाडी तिथंच दुरुस्तीला होती. त्यांनी डाळिंबी गाडीची किल्ली मागितली, एक चक्कर मारून येते म्हणाल्या आणि थेट दौलताबादला जाऊन आल्या. रऊफभाई म्हणाले, "मॅडम, ये गाडी खडी रखने की नहीं है. इसको रोज चलाना पडता." मॅडम म्हणाल्या, "मग बरोबर आहे. मीही रोजच चालते."

पैसे त्यांच्या कमाईचे, गाडी मुळे वकिलांच्या नावावर. वकीलसाहेब म्हणजे त्यांचे यजमान. सज्जन माणूस, त्यांना स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. पण घर त्यांच्या नावावर, प्लॉट त्यांच्या नावावर, टेलिफोन त्यांच्या नावावर, तशी गाडीही. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. आमच्याकडे असं काही ठरवावंच लागत नाही, फॉर्म भरणारा आपल्या मनानंच पुरुषाचं नाव घालून मोकळा होतो.

माझ्या इस्पितळातली कडूबाई सिस्टर गाडीच्या आवाजावर घड्याळ लावायची. "म्याडम आल्या बघा, पुलावर हायेत," ती म्हणायची, आणि मी पेशंटला आत घ्यायला सांगायची. एकदा एका पेशंटच्या सासूनं गाडीतून उतरणाऱ्या मॅडमला पाहिलं आणि कडूबाईला विचारलं, "ही बाई येकलीच आली व्हय? संगं डायवर नाय?" कडूबाई म्हणाली, "त्याच डायवर हायेत अन् त्याच डाक्टर. लई बोलू नका, त्यांच्या कानावर गेलं तर तुमालाबी भूल देतील."

मॅडम जुन्याला चिकटून बसणाऱ्यांतल्या होत्या असं अभिजित म्हणतो. धादांत खोटं. माझ्याकडे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र नव्हतं तेव्हा याच बाईंनी माझ्या डोक्याशी कटकट केली होती. "नखं निळी दिसेपर्यंत वाट बघायची का आपण? डोळ्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. यंत्र आण, नाहीतर दुसरी भूलवाली शोध." मी यंत्र आणलं तेव्हाच त्या पुन्हा आल्या. नवीन औषध, नवीन सुई, नवीन नळी, सगळं त्या आधी वाचायच्या आणि आम्हाला वापरायला लावायच्या. त्यांचं भांडण नवेपणाशी कधीच नव्हतं.

त्या गाडीत मी एकदा त्यांच्याबरोबर औरंगाबादला गेले. माझी आई तिथं दवाखान्यात होती. ऊसतोडीचे दिवस, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल फडकं. सीट इतकी खाली, की रस्त्यावरच बसल्यासारखं वाटत होतं. स्प्रिंगा कडक, एसी नावाला. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं आणि मॅडम तो गतिरोधक बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. ती गाडी आरामाची होती असं मी म्हणणार नाही. वेरूळचा चढ आला तशी मी दरवाज्याची मूठ घट्ट धरली. मॅडमनी वळणाआधीच वेग कमी केला, गिअर खाली घेतला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी वळणातून अशी बाहेर आली, की माझ्या मांडीवरची पर्स जागची हलली नाही.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "ब्रेक वळणाच्या आधी. वळणात ब्रेक मारतो तो गाढव."

मग त्यांनी मला स्टिअरिंगवर हात ठेवायला सांगितला. चालत्या गाडीत. मी घाबरत बोटं टेकवली. "आता इथं डांबर गुळगुळीत आहे, हाताला कळतंय? आता खडी आली. आता डावीकडचं चाक मातीत उतरतंय. हे सगळं गाडी सांगते. मी फक्त ऐकते आणि ठरवते." खरंच कळत होतं. पुढचा बॉनेट पूर्ण दिसायचा, काचेच्या कडेचे खांब बोटभर जाडीचे, त्यामुळे ट्रॉलीच्या पलीकडून येणारा सायकलवालाही नजरेतून सुटत नसे. दौलताबादच्या वेशीत एक ट्रकवाला समोरून घुसला तेव्हा मॅडम गाडी इंचभर मागं न घेता, काच खाली करून ओरडल्या, "क्यूं मियाँ, दरवाजा तुम्हारे दादा ने बनाया क्या?" ट्रक मागं गेला.

वकीलसाहेब गेले. पुढं गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पुन्हा पासिंग करून घ्यायची वेळ आली. आरटीओतल्या एजंटानं विचारलं, "बाई, साहेबांचं नाव काढावं लागंल. आता कुणाच्या नावावर करू?" आणि मॅडम म्हणाल्या, "अभिजितच्या कर. घरात आता तोच आहे." पुण्यात राहणारा, वर्षाकाठी दोनदा येणारा, गिअरची गाडी चालवताना चढावर मागं घसरणारा अभिजित. रुग्णाचा जीव हातात घेणाऱ्या या बाईला त्या दिवशी स्वतःचं नाव आठवलं नाही. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "मीच म्हणाले गं. माझ्याच तोंडानं." त्यांना दुसऱ्या कुणाचाही एवढा राग आलेला मी पाहिला नाही.

आणि मग तो दसरा. आमच्याकडे दसऱ्याला वाहनांची पूजा असते. मॅडमनी आदल्या दिवशी गाडी स्वतः धुतली होती, झेंडूचा हार आणून ठेवला होता. अभिजित बायकोमुलांसह आला होता. सकाळी म्हणाला, "आई, किल्ली दे, हवा भरून आणतो." मॅडम ताट घेऊन फाटकात थांबल्या. दुपार टळत आली तेव्हा एक उंच, पांढरी, डोळ्यांत खुपेल अशी चकचकीत गाडी फाटकासमोर उभी राहिली. वर लाल रिबन. अभिजित उतरला, त्याच्या हातात शोरूमवाल्यांनी फोटोसाठी दिलेली हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली. सुनेनं मोबाइल समोर धरलेला, आईचा चेहरा टिपायला.

"माझी गाडी कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"एक्स्चेंजमध्ये दिली. आई, हिच्यात सहा एअरबॅग आहेत. स्वतः ब्रेक मारते, लेन सोडली तर सांगते. तू आता सत्तरीची झालीस, आम्हाला तिकडं झोप लागत नाही."

मॅडमनी ताट नव्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि तशाच रिक्षा करून शोरूमला गेल्या. तिथला टाय लावलेला मुलगा अदबीनं म्हणाला, "मॅडम, ओनरची सही आहे." त्या म्हणाल्या, "ओनर मी आहे." त्यानं संगणक त्यांच्याकडे वळवून दाखवला. पुढं सांगण्यासारखं काही घडलं नाही, कारण तो मुलगा कायद्यानं बरोबर होता. रऊफभाईंनी शोध घेतला तेव्हा कळलं, गाडी भंगारवाल्याकडे गेली, इंजिन काढून कुणीतरी नेलं आणि बाकीची कापली.

लोक म्हणतात, मुलानं काळजीपोटीच केलं ना. मी विचारते, काळजी होती तर विचारलं का नाही? विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून हवा भरायचं खोटं सांगितलं. आणि वर तिचा चेहरा टिपायला कॅमेरा.

नवी गाडी वाईट होती असं नाही. मी स्वतः तशीच चालवते आणि मला तिचा त्रास नाही. माझी कंबर तिला दुवा देते. पण मी रोज घरून इस्पितळात जाते, कन्नडच्या कन्नडमध्ये. मॅडमनी ती महिनाभर प्रामाणिकपणे चालवून बघितली, कारण पेशंट थांबत नव्हते. आल्या की धुमसत आत यायच्या. स्टिअरिंग इतकं हलकं, की चाकाखाली काय आहे पत्ता लागत नाही. काचेकडेचे खांब एवढे जाड, की अख्खी बैलगाडी त्यांच्याआड लपते. एसी कमी करायला पडद्यावर बोट फिरवा, म्हणजे रस्त्यावरची नजर काढा. सिग्नलला इंजिन आपलं आपण बंद. ज्या रस्त्यावर पांढरा पट्टा उभ्या जन्मात कुणी मारला नाही, तिथं गाडी पट्टा सोडला म्हणून पिकपिक करते.

मी एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर मला यंत्र घ्यायला लावलंत. हेही तसंच नाही का?"

"अजिबात नाही," त्या कडाडल्या. "तुझं ते यंत्र मला ऑक्सिजन किती आहे ते सांगतं आणि गप्प बसतं. औषध किती द्यायचं ते मी ठरवते. ही बया सांगत काहीच नाही, एकदम माझा हात धरते. मला कुणी हात धरून चालवायला नकोय."

आणि नेमकं तेच झालं. खुलताबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चालली होती. मॅडमना ती केव्हाच दिसली होती, त्या तिला सोडून निघाल्याही होत्या. पेंढीचं टोक हललं, गाडीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आपलं आपण करकचून ब्रेक मारला. मागून येणारा टेम्पो डिकीवर आदळला. कडबेवालीला काही झालं नाही, टेम्पोवाला शिव्या देऊन निघून गेला, मॅडमची मान दुखावली. तशा मानेनं त्या माझ्याकडे आल्या, भूल दिली, मूल रडलं, आई शुद्धीवर आली, आणि मग त्या स्टुलावर बसल्या.

"मी ब्रेक मारला नाही," एवढंच म्हणाल्या.

माझ्या समोरच त्यांनी अभिजितला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मान हलवता येत नव्हती म्हणून. तिकडून तो म्हणाला, "आई, या वयात असं होतं. घाबरून पाय पडतो ब्रेकवर. तुझ्या लक्षातसुद्धा येणार नाही. मी ड्रायव्हर बघतो, तू मागं बसून आरामात जा." मॅडम म्हणाल्या, "अरे, मी ब्रेक मारला नाही." तो म्हणाला, "हो हो, ठीक आहे, तू चिडू नकोस." चूक गाडीची, आणि वय झालं बाईचं. मी तेव्हा तो फोन हिसकावून त्याला चार शब्द सुनावायला हवे होते असं लोकांना वाटेल. मी ते सुनावले. तो म्हणाला, "ताई, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

मॅडमनी गाडी दुरुस्त करून घेतली आणि किल्ली कुरियरनं पुण्याला पाठवून दिली. ड्रायव्हर आला त्याला चहा पाजून वाटेला लावला. दुसरी गाडी का घेतली नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घेणार होते, तसलीच जुनी. रऊफभाई बघतही होता. अभिजितनं त्याला फोन करून धमकावलं, आईला काही झालं तर तुझ्यावर केस टाकीन म्हणून. गरीब माणूस घाबरला. बाकीच्या गॅरेजवाल्यांनाही त्यानं सांगून ठेवलंय." वर त्यानं शहरातल्या दोन-तीन डॉक्टरांना सांगितलं, की आईला आता बाहेरगावची कामं देऊ नका.

त्यानंतर मॅडम एसटीनं येत. ठरलेल्या ऑपरेशनला ते चाले. पण आमच्या कामात ठरलेलं असतं किती? अडलेली बाई एसटीचं वेळापत्रक बघून अडत नाही. तातडीचे फोन तरुण भूलतज्ज्ञांकडे जाऊ लागले, मग ठरलेलेही. पाचोडचं इस्पितळ सुटलं, बाकीची सुटली. राहिले मी एकटी. सत्तरीत नजर शाबूत, हात स्थिर, डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा लख्ख, आणि ती बाई घरी टीव्हीसमोर बसवली गेली. लाडानं, काळजीनं, कुणाला काही वावगं वाटणार नाही अशा रीतीनं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्याकडचं ऑपरेशन आटोपल्यावर. मी म्हणाले, बस स्टँडवर मी सोडते. माझी गाडी दारात होती, नवी, उंच, बिनगिअरची. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या, बॅग मांडीवर घेतली. मी बटण दाबून गाडी सुरू केली. त्यांनी पडद्याकडे, स्टिअरिंगकडे बघितलं. मला वाटलं, आता या गाडीचा उद्धार होणार. त्यांनी नुसता पट्टा लावला. स्टँडवर औरंगाबादची बस लागलेली होती. उतरायच्या आधी त्यांनी विचारलं, "ही छान चालवतेस तू. कुणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या," मी म्हणाले.

"आणि इस्पितळ?"

इस्पितळाची जागाही ह्यांच्याच नावावर आहे. कधी तसं विचारातच आलं नव्हतं. माझे यजमान चांगले आहेत. मुळे वकीलही चांगले होते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. थिएटरमध्ये उपाशी गेले की बघायच्या तसं नाही; त्या नजरेत माझ्यावर राग नव्हता, आणि मला तीच नजर सहन झाली नाही. मग त्या बॅग सांभाळत उतरल्या, पदर खोचला आणि बसमध्ये चढल्या. कंडक्टरनं आजी म्हणून हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. बस निघून गेली. मी बराच वेळ गाडीतच बसून होते, आणि मागच्या जीपवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा काच खाली करून त्याच्यावर इतकी ओरडले, की स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले.